दोन गाड्यांत मावणारं घर

नदीतून घरं चालली आहेत. पूर आलेला नाही, वादळही नाही. लोकांनी स्वतःच आपल्या घरांचे खांब, तुळया, दारं, फळ्या सुट्या केल्या, त्यांचे तराफे बांधले आणि प्रवाहात सोडून दिले. आज शेजाऱ्याचं घर गेलं, उद्या आपलं. काठावर जिथं परवापर्यंत वाडा होता, तिथं आता नांगरायला योग्य अशी मोकळी जमीन दिसते आहे. साल ११८०. नदी योदो, आणि रिकामं होत चाललेलं शहर म्हणजे तेव्हाची जपानची राजधानी, क्योतो.

हे सगळं पंचविशीतला एक तरुण पाहत होता. त्याचं नाव कामो नो चोमेई. बाप एका मोठ्या देवस्थानाचा मुख्य पुजारी, आणि स्वतः कवी, वादक. त्यानं पाहिलेलं लगेच लिहिलं नाही. बत्तीस वर्षं जाऊ दिली. मग १२१२ साली, डोंगरातल्या एका झोपडीत बसून, तासा-दीड तासात वाचून होईल एवढं एक छोटंसं पुस्तक लिहिलं. नाव 'होजोकी', म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीची हकिकत. आठशे वर्षं झाली, जपानमध्ये आग लागो, भूकंप होवो की युद्ध होवो, लोक हे पुस्तक पुन्हा काढून वाचतात.

का वाचतात? सांत्वन मिळतं म्हणून? मला तसं वाटत नाही. चोमेई सांत्वन फार थोडं करतो. तो मोजतो. घर नेमकं कसं गेलं, कुठल्या दिशेनं, किती वाजता, किती दिवस, हे तो इतक्या काटेकोरपणे सांगतो, की आजच्या भूकंपशास्त्रज्ञानंही पेन उचलून टिपून घ्यावं. आणि या मोजण्यातूनच एक अव्वल कलाकृती उभी राहते. हे कसं घडतं, तेच पाहण्यासारखं आहे.

आधी काळ लक्षात घ्या. ११७७ ते ११८५, फक्त आठ वर्षं. तेवढ्यात एका शहरावर महाभयंकर आग, चक्रीवादळ, राजधानीचं स्थलांतर, दुष्काळ, साथ आणि भूकंप असं सगळं कोसळलं. चोमेई तेव्हा साधारण बावीस ते तीस वर्षांचा. आयुष्याची घडी बसायच्या वयात त्यानं शहराची घडी पाच वेळा विस्कटलेली पाहिली. गंमत अशी की त्याच्या या हकिकतीत राजा नायक नाही, सेनापती नाही, तो स्वतःही बराच वेळ नाही. नायक आहे घर. घर जळतं, उडतं, वाहून नेलं जातं, सरपण होतं, कोसळतं. एकाच गोष्टीचं इतक्या तऱ्हांनी नाहीसं होणं कुणी असं एकापाठोपाठ एक मांडलेलं तुम्ही वाचलंय?

आगीपासून सुरुवात करू. ११७७ सालच्या चौथ्या महिन्याची अठ्ठाविसावी रात्र. वारा सुटलेला. रात्री आठच्या सुमाराला शहराच्या आग्नेयेला आग लागली आणि वायव्येकडे धावत सुटली. चोमेई आगीचं मूळ ठिकाणसुद्धा देतो: अमुक दोन रस्त्यांचा चौक, नर्तकांना उतरवण्यासाठी उभारलेली एक तात्पुरती खोपटी. पंचनाम्यात लिहावं तसं. पुढं तो सांगतो की आग पसरली ती उघडलेल्या पंख्याच्या आकारात. मुळाशी टोकदार, पुढं रुंद होत जाणारी.

इथं थांबा जरा. हा आकार दिसतो कुठून? वरून! नकाशावर किंवा विमानातून. बाराव्या शतकातल्या माणसाला शहर वरून कसं दिसणार? त्यानं एक तर जळिताच्या कडेकडेनं पायपीट केली असणार, नाहीतर उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांची नावं मनात एकेक करून मांडली असणार. कसंही असो, आकार अचूक आहे. एका बिंदूतून लागलेली आग जोरदार वाऱ्यात अशीच पसरते, हे आज अग्निशमन दलाचा कुठलाही जवान सांगेल. त्याहून पुढचं निरीक्षण असं की ज्वाळा तुटून वाऱ्याबरोबर एक-दोन वस्त्या ओलांडून पलीकडे उतरत होत्या. मधली घरं शाबूत आणि पुढची पेटलेली! मोठ्या आगी रस्ते आणि नाले ओलांडतात त्या अशाच, उडत्या निखाऱ्यांवर स्वार होऊन.

त्या एका रात्रीत शहराचा तिसरा हिस्सा गेला, असं तो लिहितो. बड्या सरदारांचे सोळा वाडे गेले; बाकीची घरं कोण मोजणार? राजवाड्याच्या आवारातलं दायगोकुदेन, म्हणजे जिथं सम्राटांचे राज्याभिषेक होत ते सभागृह, जळालं आणि पुन्हा कधीच बांधलं गेलं नाही. आज क्योतोला गेलात तर हेइआन देवस्थानात जी लालभडक भव्य इमारत दिसते, ती त्या प्रासादसमूहाची लहान आकारातली प्रतिकृती, १८९५ साली उभारलेली. मूळ वास्तू त्या रात्रीच संपली. आणि चोमेई या सगळ्यावर एकच शेरा मारतो: इतक्या धोक्याच्या शहरात घर बांधण्यासाठी पैसा आणि जीव आटवणं यासारखा वेडेपणा नाही. हा शेरा ध्यानात ठेवा, कारण पुढं तो स्वतः काय करतो ते पाहायचं आहे.

तीन वर्षांनी चक्रीवादळ आलं. ते तो झटकन सांगतो. घरांची छपरं हिवाळ्यातल्या पानांसारखी आकाशात. एका घराचा दरवाजा चार-पाच वस्त्या पलीकडे जाऊन पडलेला. कुंपणं उडाल्यामुळं शेजाऱ्यांची अंगणं एक झालेली. हद्द पुसली गेली, हा तपशील मला फार आवडतो. वाऱ्यानं काय काय मोडलं हे सगळेच सांगतील. वाऱ्यानं मालकी मोडली, हे पाहायला कवी लागतो.

आणि मग, त्याच ११८० साली, ती नदीतली घरं.

यामागचं कारण राजकीय होतं. तायरा घराण्याचा प्रमुख कियोमोरी तेव्हा सर्वसत्ताधीश होता. त्याचा दोन वर्षांचाही न झालेला नातू सम्राटपदी बसवलेला. दुसरीकडे मिनामोतो घराण्यानं बंडाचं निशाण उभारलं होतं. पाच वर्षं चाललेल्या आणि सगळा जपान ढवळून काढणाऱ्या युद्धाची ही सुरुवात. त्या धामधुमीत कियोमोरीनं एकाएकी ठरवलं की राजधानी क्योतोहून हलवायची आणि समुद्रकाठच्या फुकुहारा इथं, आपल्या वाड्याच्या परिसरात न्यायची. म्हणजे आजच्या कोबे शहरात, सुमारे ७० किलोमीटरवर. जवळजवळ चारशे वर्षं राजधानी असलेलं शहर महिन्याभरात अनाथ झालं. सम्राट गेला, मंत्री गेले, आणि ज्यांचं पोट दरबारावर होतं ते सगळे घरं घेऊन निघाले.

घरं घेऊन! हे शक्य कसं झालं? तर जपानी सुताराच्या हातामुळं. तिथलं पारंपरिक घर हा लाकडाचा सांगाडा असतो. खांबाला खाच, तुळईला कुसू, एकात एक घट्ट बसवलेले. भिंती भार घेत नाहीत, खिळे फारच थोडे. त्यामुळं जे घर जोडलं, ते उलट्या क्रमानं सोडवताही येतं. लाकूड पाण्यावर तरंगतं आणि क्योतोचं पाणी योदोतून समुद्राकडे जातं. झालं, घर सुटं करा, तराफा बांधा, सोडून द्या. भूकंपाच्या देशात पिढ्यानपिढ्या घोटलेली ही कारागिरी एका हुकूमशहाच्या लहरीपायी अशी कामाला आली.

चोमेई काही निमित्तानं फुकुहाराला जाऊन आला. तिथं त्यानं काय पाहिलं? उत्तरेला लगेच डोंगर, दक्षिणेला लगेच समुद्र. जागा इतकी चिंचोळी की शहराचे रस्ते आखायलाही पुरेना. लाटांचा अखंड आवाज, खारा वारा. आणि मग त्याला एक साधा प्रश्न पडतो: नदीतून रोज इतकी घरं इकडं आली, ती गेली कुठं? इथं तर मोकळी जमीन जास्त आणि उभी घरं थोडी दिसताहेत. मला वाटतं, संपूर्ण पुस्तकातला हा सगळ्यात भेदक प्रश्न आहे. जुनं शहर मोडलेलं, नवं झालेलं नाही, आणि मधल्या हजारो घरांचा हिशेब लागत नाही. विस्थापन म्हणजे नेमकं काय, हे याहून कमी शब्दांत कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात राजधानी परत क्योतोला आली. सहा महिन्यांचा खेळ! सम्राट परतला, मंत्री परतले. सोडवलेली घरं मात्र पूर्वीसारखी पुन्हा उभी राहिली नाहीत.

आता एक आश्चर्य सांगतो. ज्या युद्धानं हे सगळं घडवलं, त्या युद्धाचा या पुस्तकात उल्लेखच नाही. कियोमोरीचं नाव नाही, मिनामोतोंचं नाव नाही, एकाही लढाईचं वर्णन नाही. याच युद्धावर पुढं जपानचं मोठं वीरकाव्य रचलं गेलं. त्यात रणांगणं आहेत, आव्हानं आहेत, बुडणारी गलबतं आहेत. चोमेईला युद्ध माहीत नव्हतं असंही नाही. हे पुस्तक लिहिण्याच्या आदल्याच वर्षी तो कामाकुराला जाऊन, युद्ध जिंकलेल्या मिनामोतोंच्या गादीवरच्या तरुण शोगुनला भेटून आला होता. तरी त्यानं युद्ध दाखवलं ते फक्त त्याच्या परिणामांतून. एक उदाहरण पाहा. राजधानी हलली तेव्हा लोकांच्या आवडी कशा बदलल्या, हे तो सांगतो: बैलगाडीला कुणी विचारीना, सगळ्यांना घोडा आणि खोगीर हवं झालं. बैलगाडी हे दरबारी उमरावाचं वाहन, घोडा योद्ध्याचा. एका ओळीत सत्ता कुणाकडून कुणाकडं चालली ते कळलं, आणि तलवार म्यानातून बाहेरही आली नाही.

पुढचा दुष्काळही तसाच. ११८१ आणि ११८२. पाऊस नाही, मग वादळं आणि पूर, पीक नाही. क्योतो हे बाहेरच्या मुलखावर जगणारं शहर. खेड्यांतून काहीच येईना. का येईना? इतिहासकार सांगतात की अवर्षणाबरोबर युद्धानंही रस्ते अडवले होते. चोमेई एवढंच सांगतो की सोनं स्वस्त झालं आणि धान्य महाग.

त्याची नजर पुन्हा घराकडंच वळते. भुकेली माणसं आपलंच घर मोडून त्याचं लाकूड सरपण म्हणून बाजारात विकू लागली. डोक्यावरून नेलेल्या मोळीची जी किंमत येई, तिच्यात एका दिवसाचंही पोट भरत नसे. आणि त्या मोळ्यांमध्ये त्याला काही विचित्र तुकडे दिसले. लाकडाच्या ढलप्यावर लाल रंग. कुठं सोन्याचा वर्ख चिकटलेला, कुठं चांदीचा. हे कुठलं लाकूड? त्यानं चौकशी केली. तेव्हा कळलं की हतबल झालेली माणसं जुन्या मंदिरांत शिरून बुद्धाच्या मूर्ती आणि पूजेची लाकडी उपकरणं चोरत होती, फोडत होती आणि चुलीसाठी विकत होती. सोन्याचा वर्ख लागलेलं सरपण. माणसाचं घर संपल्यावर देवाचंही घर चुलीत गेलं, हे एवढ्या एका ढलप्यात आहे.

मग साथ आली. रस्त्यारस्त्यांवर प्रेतं. एकमेकांवर जीव असलेल्या जोडप्यांत ज्याचं प्रेम जास्त, तो आधी मेला, असं चोमेईनं नोंदवलंय. कारण मिळालेला घास तो दुसऱ्याला देत होता. निन्नाजी मठातल्या र्यूग्यो नावाच्या भिक्षूनं एक काम हाती घेतलं. दिसेल त्या मृताच्या कपाळावर तो एक अक्षर लिहू लागला, त्याला सद्गती मिळावी म्हणून. अक्षर कुठलं? 'अ'. होय, आपल्या बाराखडीतला पहिला 'अ'. निन्नाजी हा शिंगोन पंथाचा मठ. भारतातून चीनमार्गे गेलेल्या या पंथात 'अ' हे सगळ्या अस्तित्वाच्या मुळाचं अक्षर मानतात, आणि ते आजही सिद्धम् लिपीत लिहितात. ही लिपी आपल्या देवनागरीची जवळची नातलग. दोन महिन्यांत, शहराच्या फक्त पूर्वेकडच्या भागात, त्या भिक्षूनं मोजलेली कपाळं भरली ४२,३०० हून अधिक. प्रार्थना हीच जनगणना झाली. चोमेईनं तो आकडा जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोचवला.

शेवटी भूकंप. १३ ऑगस्ट ११८५. दान-नो-उराच्या सागरी लढाईत तायरा घराणं बुडून जेमतेम साडेतीन महिने झाले होते. त्या काळच्या 'गुकान्शो' या इतिहासग्रंथात लोकांची समजूत नोंदवली आहे की मेलेला कियोमोरी ड्रॅगन होऊन पृथ्वी हलवतो आहे. सगळं शहर असं बोलत असताना चोमेई काय लिहितो? डोंगर ढासळून नद्या बुजल्या. जमीन दुभंगली आणि आतून पाणी उसळलं. क्योतोच्या आसपास एकही मंदिर, एकही मनोरा धड राहिला नाही. जमिनीतून पाणी उसळणं ही भाकडकथा नव्हे. पाण्यानं भरलेल्या वाळूच्या थराला जोराचे हादरे बसले की वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. थर द्रवासारखा वागू लागतो आणि भेगांतून पाणी-वाळूची कारंजी वर येतात. आज प्रत्येक भूकंप अभियंता हे शिकतो.

पण खरी थक्क करणारी गोष्ट पुढं आहे. मोठा धक्का थांबल्यावर चोमेई मोजत राहिला. सुरुवातीला एरवी कुणाचीही गाळण उडवतील असे वीस-तीस धक्के दररोज. दहा-वीस दिवस गेल्यावर दिवसाला चार-पाच. मग दोन-तीन. मग एक दिवसाआड. मग दोन-तीन दिवसांतून एखादा. असं सुमारे तीन महिने चाललं.

आता १८९१ सालात या. जपानमध्ये नोबी इथं प्रचंड भूकंप झाला, आणि ओमोरी फुसाकिची नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं त्यानंतरचे धक्के मोजायला घेतले. १८९४ साली त्यानं नियम मांडला: भूकंपानंतरच्या धक्क्यांची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी जितके, त्याच्या साधारण दहावा हिस्सा दहाव्या दिवशी. कढईत लाह्या फुटताना आच बंद केली तर आधी तडतडाट, मग तुरळक, आणि सगळं शांत झालं म्हणावं तोवर एखादी लाही उडतेच, तसं. जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ आजही सुधारलेल्या स्वरूपात हाच नियम वापरतात. आणि ओमोरीच्या सातशे वर्षं आधीच्या त्या कवीचे आकडे ठेवा शेजारी: वीस-तीस, मग चार-पाच, मग दोन-तीन, मग दिवसाआड. तोच उतार! उपकरण नाही, गणित नाही, कान आणि मन तेवढं जाग्यावर. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर कधीही पडू शकत होतं, त्यानं हे मोजलं.

या भूकंपाच्या वर्णनात एक प्रसंग आहे, तो सगळ्या हस्तलिखितांत नाही, काहींतच सापडतो. एका योद्ध्याचा एकुलता एक मुलगा, सहा-सात वर्षांचा. आवाराच्या मातीच्या भिंतीला छपरासारखी पडवी होती, तिच्याखाली बसून तो खेळात एक छोटंसं घर बांधत होता. भिंत कोसळली. लढाया पाहिलेला तो बाप लाज सोडून आक्रोश करत होता, आणि यात काही गैर नाही, असं चोमेई म्हणतो. सगळ्या पुस्तकात योद्धा असा दिसतो तो बहुधा एवढ्या एकाच ठिकाणी. लढताना नाही, रडताना.

इतकं सगळं सांगून झाल्यावर तो एक नोंद करतो, आणि ती वाचून मी दचकलो होतो. भूकंपानंतर काही काळ लोक भेटले की जगाच्या क्षणभंगुरतेबद्दल बोलत. मनातला मळ थोडा धुऊन निघाल्यासारखा वाटे. पण महिने गेले, वर्षं गेली, आणि त्याविषयी शब्द काढणारंही कुणी उरलं नाही. आपत्तीच्या विस्मरणाची इतकी जुनी आणि इतकी स्वच्छ नोंद दुसरी मला माहीत नाही.

इथं पुस्तकाचा अर्धा भाग संपतो आणि चोमेई स्वतः पुढं येतो. त्याची घरं कशी होत गेली, ऐका. बाप लवकर गेला. आजीचं मोठं घर वारसानं आलं, ते सोडावं लागलं. तिशीनंतर त्यानं स्वतःचं घर बांधलं, आधीच्या दहाव्या हिश्शाचं, तेही नदीकाठी. तिथं पुराचं भय आणि चोरांचंही. दरबारात कवी म्हणून नाव झालं. माजी सम्राट गो-तोबाच्या मनात होतं की याला कावाई देवळाची पुजारकी द्यावी, बापाच्याच देवस्थानातली. एका नातलगानं विरोध केला, ती गेली. पन्नाशीत चोमेईनं संसार-समाज सोडला, आणि साठीकडं झुकताना क्योतोच्या आग्नेयेला हिनोच्या डोंगरात शेवटचं घर बांधलं. मधल्या घराच्या शंभराव्या हिश्शाएवढं. दहाचा शंभराशी गुणाकार करा: आजीच्या घराचा हजारावा भाग.

लांबी दहा फूट, रुंदी दहा फूट, उंची सात फुटांच्या आत. मुंबईतल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको. दहा बाय दहाच्या खोलीत किती मावतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? चोमेईनं काय मावलं त्याची यादीच दिली आहे. पूर्वेला तीन फुटांची पडवी, काटक्या जाळायला. दक्षिणेला बांबूची ओटी. उत्तरेकडं अमिताभ बुद्धाचं चित्र, पुढ्यात सद्धर्मपुंडरीक सूत्राची पोथी. पूर्वेच्या कडेला वाळलेल्या नेच्याचं अंथरूण. बांबूच्या फळीवर काळ्या चामड्याच्या तीन पेट्या, त्यांत कविता, संगीत आणि धर्म यांची टिपणं. आणि शेजारी एक कोतो, एक बिवा. कोतो घडी होणारी, बिवा सांधा असलेली! वाद्यंसुद्धा सुटी होतात.

कारण घरच सुटं होतं. जोडाजोडाला त्यानं कड्या-आकडे लावले होते. जागा मनाला आली नाही, की कड्या काढायच्या, घर दोन गाड्यांत भरायचं आणि निघायचं. खर्च काय तो गाडीवानाच्या भाड्याचा, असं तो हिशेबानं सांगतो. आता मागचं सगळं आठवा. जळणारं घर, उडणारं घर, कोसळणारं घर यांना उत्तर म्हणून त्यानं भक्कम घर बांधलं नाही. सोडून जाता येईल असं बांधलं. नदीतून जी घरं हुकमावरून गेली होती, त्यांचीच युक्ती त्यानं आपल्या मर्जीनं वापरली.

त्या दहा फुटांच्या मापाचं मूळ मात्र आपल्याकडं आहे. वैशालीचा गृहस्थ विमलकीर्ती आजारी पडला, आणि त्याच्या लहानशा खोलीत बुद्धाचे शिष्य व बोधिसत्त्व मिळून अफाट समुदाय मावला, अशी कथा 'विमलकीर्तिनिर्देश' या बौद्ध सूत्रात आहे. पूर्व आशियात त्या खोलीचं माप दहा फूट चौरस असं रूढ झालं. आपण त्या विमलकीर्तीच्या खोलीची नक्कल केली, हे चोमेई उघड सांगतो.

आणि मग येतो शेवट. इथं कुठलाही सामान्य लेखक म्हणाला असता: पाहा, मला शांती मिळाली. चोमेई तिथवर येतोही. डोंगराखालच्या रखवालदाराचा दहा वर्षांचा मुलगा त्याचा सोबती; दोघं मिळून फुलं, फळं वेचत फिरतात; संध्याकाळी तो एकटाच बिवा वाजवतो. सुख आहे. पण पहाटे त्याच्या मनात येतं, बुद्धानं कशातच जीव गुंतवू नका सांगितलंय, आणि माझा तर या झोपडीत जीव गुंतलाय! घर गमावण्याचं भय गेलं, घराची माया गेली नाही. तो स्वतःलाच जाब विचारतो. मनाकडं उत्तर नसतं. दोन-तीनदा बुद्धाचं नाव घेतो, तारीख घालतो आणि पुस्तक संपवतो. एवढ्या प्रामाणिकपणे हरलेला शेवट मी क्वचितच वाचला आहे.

पुढं या पुस्तकाचं काय झालं? १८९१ साली नात्सुमे सोसेकी या विद्यार्थ्यानं आपल्या प्राध्यापकांसाठी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. हाच पुढं जपानचा थोर कादंबरीकार झाला. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन बॉम्बफेकी विमानांनी तोक्योवर आग ओतली. सुमारे एक लाख माणसं मेली, दहा लाखांहून अधिक बेघर झाली. त्या दिवसांत होत्ता योशिए या तरुण लेखकाला आठवलं ते 'होजोकी'तलं आगीचं वर्णन. वाऱ्यावर उडून वस्त्या ओलांडणाऱ्या ज्वाळा आता तो स्वतः पाहत होता. पंचवीसेक वर्षांनी त्यानं त्यावर एक पुस्तकच लिहिलं. २०११ च्या त्सुनामीनंतर जपान पुन्हा चोमेईकडं वळला. आणि २०१२ साली, 'होजोकी'ला आठशे वर्षं झाली तेव्हा, वास्तुविशारद केंगो कुमा यांनी ती झोपडी नव्यानं घडवली: गुंडाळून नेता येईल असा पारदर्शक प्लास्टिकचा पडदा, देवदाराच्या बारीक पट्ट्या आणि कड्यांच्या जागी लोहचुंबक. ती उभी केली शिमोगामो देवस्थानातल्या कावाई देवळाच्या आवारात. हो, तेच देऊळ, ज्याची पुजारकी चोमेईला नाकारली गेली होती.

'होजोकी'ची इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. एका दुपारचं काम आहे, जरूर वाचा. आणि त्याहून महत्त्वाची एक विनंती. १९६१ चं पानशेत, १९६७ चं कोयना, १९९३ चं किल्लारी, २०१४ चं माळीण, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर यांतलं काही ज्यांनी स्वतः पाहिलं आहे, अशी माणसं आज तुमच्या घरात, शेजारात आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. काय वाटलं, हे नंतर विचारा. आधी विचारा: पाणी कुठल्या बाजूनं आलं, किती वाजले होते, कुठली भिंत आधी पडली, त्यानंतरचे धक्के दिवसाला किती बसत, आणि ते कमी कधी झाले.